घराचा नकाशा : काढणारा आणि वाचणारा

आपल्या मध्यमवर्गीय कुटुंबांत कागद वाचण्याची दक्षता कांहीं कमी नाहीं. मुलीचें लग्न ठरवितांना पत्रिका दोन ठिकाणीं दाखविली जाते; खरेदीखत करावयाचें असलें तर त्यांतील चतुःसीमा वकिलाकडून शब्दशः तपासून घेतात; विम्याच्या कागदावरील बारीक अक्षरें चष्मा पुसून वाचणारे गृहस्थहि आम्हांस ठाऊक आहेत. परंतु ज्या कागदावर उभ्या आयुष्याची पुंजी खर्च व्हावयाची, तो घराचा नकाशा समोर आला कीं हेच दक्ष लोक एकाएकीं विनम्र होतात. उत्तर कोणीकडे तें विचारलें, देवघर ईशान्येस आहे ना एवढें पाहिलें, कीं सही. पुढें भिंती वर आल्यावर घरची बाई स्वयंपाकघराच्या दारांत उभी राहून विचारते, "अहो, हें दार उघडल्यावर फडताळ उघडायचें कसें?" त्या प्रश्नाचें उत्तर नकाशांत पहिल्या दिवसापासून लिहिलेलें होतें. तें वाचलें कोणीं नव्हतें, इतकेंच.

घराचे नकाशे काढावयास शिकविणारीं, किंवा त्या कामीं हाताशीं ठेवावयाचीं पुस्तकें इंग्रजींत उदंड आहेत. मराठींत फार थोडीं. त्यांतून आम्हीं येथें तीन घेतलीं आहेत. पहिलें पुण्याचे इंजिनियर आर. एस. देशपांडे यांचें 'मॉडर्न आयडियल होम्स फॉर इंडिया' (१९३९). दुसरें जर्मन वास्तुकार एर्न्स्ट नॉयफर्ट यांचें १९३६ सालीं बर्लिनमध्यें निघालेलें पुस्तक, जें १९७० पासून 'आर्किटेक्ट्स डेटा' या नांवानें इंग्रजींत मिळतें. आणि तिसरें फ्रान्सिस चिंग या अमेरिकन शिक्षकाचें 'आर्किटेक्चरल ग्राफिक्स' (१९७५). एक घर बांधूं पाहणाऱ्या गृहस्थासाठीं, दुसरें कचेरीसाठीं, तिसरें विद्यार्थ्यासाठीं. तिहींची योग्यता मोठी आहे, आणि तिहींवर आमचा आक्षेप एकच आहे : उभें असलेलें घर आधीं वाचावें कसें, हें यांपैकीं कोणीहि शिकविण्याचें मनावर घेत नाहीं. तें न शिकतां ज्यानें पेन्सिल हातीं धरली, त्याचा कागद निर्दोष निघेल. घर निर्दोष निघेलच असें नाहीं.

नकाशा म्हणजे वरून दिसणारें घर, अशी सर्वसाधारण समजूत असते. वरून पाहिलें तर छप्पर दिसेल. तळनकाशा हा वास्तविक एक छेद होय. जमिनीपासून सुमारें चार फुटांवर एक करवत आडवी चालवून घराचा वरचा भाग उचलून बाजूस ठेवला, आणि उरलेल्या भागाकडे नीट खालीं पाहिलें, असें मानून तो काढतात. करवतीखालीं जें कापलें गेलें, म्हणजे भिंती, खांब, दारांच्या चौकटी, तें जाड रेषेनें. जें खालीं नुसतें दिसतें, म्हणजे ओटा, पायऱ्या, खिडकीचा तळ, तें बारीक रेषेनें. आणि जें करवतीच्या वर राहिलें, जसें माळा, तुळई किंवा उंचावरील झरोका, तें तुटक रेषेनें. तीच करवत वरून खालीं उभी चालविली म्हणजे उभा छेद मिळतो. आणि कांहींच न कापतां समोर दूर उभें राहून पाहिलें म्हणजे दर्शनी नकाशा. एवढें एकदां मनांत बसलें कीं कोणत्याहि सुशिक्षित माणसास घराचा नकाशा निम्मा वाचतां आलाच, असें म्हणावयास हरकत नाहीं.

ही विद्या जुनी आहे. इटलीच्या आल्बेर्तीनें पंधराव्या शतकांत बजावून ठेवलें कीं चित्रकारानें छायाप्रकाशानें वस्तु पुढें आल्याचा भास करावा, पण वास्तुकारानें त्या मोहांत न पडतां खरीं मापें आणि खरे कोनच दाखवावे. आपल्या शिल्पग्रंथांत स्थपति, सूत्रग्राही, वर्धकि आणि तक्षक असे चार कारागीर सांगितले आहेत. त्यांतला सूत्रग्राही तो मापाची दोरी धरणारा. मराठी वाचकास सूत्रधार म्हटलें कीं नांदी संपवून रंगभूमीवर येणारा गृहस्थ आठवतो. परंतु वास्तुविद्येंतहि सूत्रधार आहे, आणि तेथें त्याच्या हातांतलें सूत्र अक्षरशः सूतच आहे. आजहि पाया आंखतांना गवंडी दोरीवर तीन, चार आणि पांच फुटांच्या खुणा करून कोपरा गुण्यांत आणतो. त्यानें पायथागोरसचें नांव ऐकलेलें नसलें म्हणून त्याचा काटकोन चुकत नाहीं.

आतां पुस्तकांकडे वळूं. आणि क्रम उलटा ठेवून चिंगपासून आरंभ करूं, कारण नवशिक्याच्या हातीं आज तेंच पुस्तक अधिक पडतें. ओहायो विद्यापीठांत शिकवितांना विद्यार्थ्यांसाठीं केलेल्या टिपणांतून तें निर्माण झालें. पहिल्या आवृत्तींत छापील खिळा जवळ जवळ नाहींच. अक्षरेंहि ग्रंथकारानें हातानें लिहिलेलीं, चित्रें तर हातचीं आहेतच. पान उघडल्याबरोबर शिक्षक शेजारीं बसून कागदावर दाखवीत आहे असें वाटतें. रेषेच्या जाडीविषयीं त्यानें जें लिहिलें आहे त्याला तोड नाहीं. हा विषय वरवर पाहणारास नटण्यामुरडण्याचा वाटेल. परंतु एकास शंभर या प्रमाणांत नऊ इंची भिंत कागदावर सव्वादोन मिलिमीटर भरते, आणि साडेचार इंची आडभिंत तर सव्वा मिलिमीटरहि भरत नाहीं. येवढ्याशा जागेंत पेन्सिलीची रेषा अर्ध्या मिलिमीटरनें घसरली तर भिंत जवळ जवळ निम्म्यानें बदलली. जाड रेषेची बाहेरची कड म्हणजे भिंत, कीं आंतली, हें ज्याच्या मनांत निश्चित नाहीं त्याच्या खोल्या कागदावरच लहानमोठ्या होऊं लागतात.

तथापि चिंगच्या पुस्तकांत घरें पुष्कळ आहेत आणि बिऱ्हाड एकहि नाहीं. माणसें आहेत, पण तीं उंची समजण्यासाठीं उभीं केलेलीं. त्या घरांत कोणी कपडे वाळत घातले आहेत, कोणी आजारी आहे, कोणा विद्यार्थ्याची परीक्षा आहे आणि शेजारच्या खोलींत पाहुणे आले आहेत, असा संशय सुद्धां येत नाहीं. चिंगचा उद्देश रेखाटन शिकविण्याचा असल्यामुळें हा दोष त्याच्या माथीं मारणें थोडें अन्यायाचें होईल. परंतु त्याच्या देखण्या पानांचा परिणाम असा होतो कीं विद्यार्थ्यास रिकामें घर सुंदर वाटूं लागतें. त्याच्या अक्षराचें पुढें काय झालें तेंहि येथें सांगण्याजोगें आहे. १९८९ सालीं त्या वळणावरून संगणकासाठीं 'टेक्टन' नांवाचा टंक निघाला, आणि ज्यांनीं आयुष्यांत टी-स्क्वेअर हातीं धरला नाहीं त्यांच्या नकाशांवरहि हातानें लिहिल्यासारखीं अक्षरें झळकूं लागलीं.

संगणकाचा उल्लेख आला म्हणून येथेंच एक बोलून घेऊं. १९८२ च्या डिसेंबरांत 'ऑटोकॅड' बाजारांत आलें आणि पुढच्या वीस वर्षांत कचेऱ्यांतील तिरपीं मेजें बहुतेक नाहींशीं झालीं. त्याबद्दल उसासे टाकण्याचें कारण नाहीं. खोडरबरानें फाटलेला ट्रेसिंगचा कागद ज्यानें पाहिला आहे तो टाकणारहि नाहीं. परंतु एक गोष्ट शिकणाराच्या हातून गेली. पडद्यावर घर पूर्ण मापाचेंच काढतात. प्रमाण ठरतें तें छापतांना. पूर्वी आठ फुटांस एक इंच हें प्रमाण धरून काढणाराच्या बोटांना दहा फुटांची खोली म्हणजे सव्वा इंच हें पाठ झालेलें असे. पडद्यावर खोली घटकेंत तळहाताएवढी होते, घटकेंत भिंतीएवढी. आणि मग चार फुटांच्या न्हाणीघरांत वाटेल तें मावतें असें वाटूं लागतें. हा तोटा भरून काढण्याचा उपाय आम्ही पुढें सांगणार आहों.

नॉयफर्ट हा बाउहाउसच्या अगदीं पहिल्या विद्यार्थ्यांपैकीं एक, आणि ग्रोपियसचा सहकारी. त्याच्या पुस्तकाची मूळ कल्पना साधी पण विलक्षण आहे : माणूस हें माप धरावें, आणि माणसास लागणारी प्रत्येक वस्तु मोजून ठेवावी. उभा माणूस किती, बसलेला किती, हातांत पेट्या घेऊन चालणारा किती. कपाटांत सदरे किती मावतात. टेबलाशीं जेवणाराच्या मागून वाढणारास जावयास जागा किती हवी. सर्व कांहीं सेंटिमीटरांत. आज सुमारें नव्वद वर्षें हें पुस्तक आवृत्तीमागून आवृत्ति निघत आहे, याचें नवल वाटत नाहीं. चिंगच्या रिकाम्या घरांत माणूस आणून बसविण्याचें काम नॉयफर्टनें केलें आहे.

पण तो माणूस कोण? तो खुर्चीवर बसतो. तो उभ्यानें स्वयंपाक करतो. तो पलंगावर निजतो, आणि सकाळीं अंथरूण गुंडाळून खोली मोकळी करीत नाहीं. आपल्या घरांत एकाच खोलीचीं दिवसांतून चार रूपें होत असत, आणि पुष्कळ ठिकाणीं अद्यापहि होतात : सकाळीं मुलांचा अभ्यास, दुपारीं पंगत, संध्याकाळीं बैठक, रात्रीं अंथरुणें. या खोलीचें माप नॉयफर्टच्या कोष्टकांत सांपडणार नाहीं, कारण तिला एक नांवच नाहीं. पाटावर बसलेल्या माणसास ताटासह किती लांबी लागते, समोरासमोर बसलेल्या दोन ओळींतून वाकून वाढीत जाणाऱ्या बाईस मधें किती रुंदी हवी, हें मोजणें कठीण नाहीं. आमच्या अजमासानें पाटाला दोन फूट रुंदी धरावी, ताटासह चार फूट लांबी धरावी, आणि मधली वाट तीन फुटांहून कमी करूं नये. म्हणजे दोन ओळींच्या पंगतीस अकरा फुटांची खोली लागली. जुन्या घरांत माजघराला ऐसपैसपणा असे तो उगीच नव्हे.

स्वयंपाकघराविषयीं तर थोडें थांबूनच बोललें पाहिजे. अमेरिकेंत ख्रिस्तीन फ्रेडरिक या बाईंनीं १९१३ च्या आपल्या पुस्तकांत स्वयंपाकघराचा नकाशा काढून त्यावर काम करणाऱ्या बाईच्या पावलांच्या रेषा आंखून दाखविल्या : एक चित्र वाईट मांडणीचें, रेषांचें जंजाळ झालेलें, दुसरें चांगल्या मांडणीचें, रेषा एकामागून एक सुतासारख्या. त्याच विचाराच्या धाग्यानें व्हिएन्नाच्या मार्गारेटे श्युट-लिहोत्स्की यांनीं १९२६ सालीं फ्रांकफुर्टच्या नव्या वसाहतींसाठीं सुमारें १.९ बाय ३.४ मीटरचें एक स्वयंपाकघर योजिलें. रेल्वेच्या भोजनडब्यांतील मुदपाकखान्याचा आदर्श त्यांच्यासमोर होता. तशीं सुमारें दहा हजार स्वयंपाकघरें बांधलीं गेलीं. आम्हांस येथें महत्त्वाचें वाटतें तें हें कीं त्या दोघींचें खरें पुस्तक म्हणजे पावलांच्या रेषा. भिंतींच्या रेषा त्यांनीं त्यानंतर काढल्या.

आपल्याकडे चूल जमिनीवरून ओट्यावर आली हा अवघ्या दोनतीन पिढ्यांतला बदल. त्यानें बाईची पाठ वांचली आणि पायांवर भार आला. परंतु ओट्याची उंची किती असावी, हें ठरवितांना त्या घरांत रांधणारणीची उंची कितीजणांनीं विचारली असेल? तयार माप घेतलें जातें, आणि पांच फुटांच्या सासूस व साडेपांच फुटांच्या सुनेस एकच ओटा मिळतो. दोघींपैकीं एकीचे खांदे दुखतात. नकाशांत ओटा ही फक्त बारीक रेषा असते. तिची उंची तळनकाशांत दिसतच नाहीं. ती पाहावयास उभा छेद लागतो, आणि स्वयंपाकघराचा उभा छेद घरमालकास दाखविण्याची चाल आमच्या पाहण्यांत फारशी नाहीं.

देशपांडे यांचें पुस्तक या दोहोंहून आपलें आहे. १९३१ सालीं त्यांचें 'रेसिडेन्शियल बिल्डिंग्ज सूटेड टु इंडिया' निघालें, १९३५ सालीं मध्यमवर्गासाठीं स्वस्त व आरोग्यकारक घरांवरील पुस्तक, आणि १९३९ सालीं हें. वाडे सोडून मंडळी नव्या वसाहतींत बंगल्या बांधूं लागली होती. मुंबईंत 'आयडियल होम' प्रदर्शन १९३७ सालीं भरून गेलें होतें. आणि सरकारी बंगल्याचें अनुकरण करावें कीं वाड्याचें, हा प्रश्न पगारदार माणसास पडला होता. अशा वेळीं लहान मिळकतीच्या गृहस्थास तज्ज्ञाशीं चार शब्द बोलतां यावेत म्हणून एका पुणेकर इंजिनियरनें लेखणी उचलली, हें त्या काळास भूषणावह आहे. चिंगपाशीं नाहीं आणि नॉयफर्टपाशीं परकें आहे तें बिऱ्हाड येथें आहे. दुर्दैव इतकेंच कीं तीं पुस्तकें इंग्रजींत लिहिलेलीं. म्हणजे ज्या घरांत तीं गेलीं त्यांतील स्वयंपाक करणाऱ्या माणसास तीं बहुधा वाचतां आलीं नसतील.

आमचा दुसरा आक्षेप त्यांच्या पद्धतीवर आहे. नमुन्यादाखल नकाशे छापले कीं वाचक त्यांतून एक पसंत करतो, साडीच्या दुकानांत घडी पसंत करावी तसा. ग्रंथकाराचा हेतु काय होता हें पान तेथें बाजूस पडतें. नकाशा पसंत करणारा पहिली गोष्ट कोणती करतो? आपला प्लॉट रस्त्याच्या दुसऱ्या बाजूस आहे म्हणून नकाशा आरशांत पाहिल्यासारखा उलटा करून घेतो. कागदावर त्यानें कांहीं बिघडत नाहीं. खोल्या तेवढ्याच, मापें तींच, खर्चहि तोच. पण पूर्वेकडचा सोपा पश्चिमेस गेला, आणि जेथें सकाळीं वर्तमानपत्र वाचावयाचें तेथें दुपारीं तीनपासून तव्यासारखें ऊन येऊं लागलें. ईशान्येचें स्वयंपाकघर वायव्येस गेलें, आणि आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून वाहत असल्यामुळें फोडणीचा खाट बाहेर जाण्याऐवजीं घरभर फिरूं लागला. उत्तरेचा बाण म्हणजे कागदाच्या कोपऱ्यांतील नक्षी आहे असें ज्यांस वाटतें, त्यांनीं हा बाण कधीं उन्हांत उभा राहून वाचलेला नसतो. वास्तूच्या दिशा पाहून देणारे पंडित याच बाणाकडे पाहतात. मात्र त्यांच्या बोलण्यांत वाऱ्याचें नांव आम्हीं क्वचितच ऐकलें.

मग शिकावयाचें कसें? आमच्या मतें पहिला पाठ नवें घर काढण्याचा नसावा. ज्या घरांत आपण राहतों तें मोजून काढण्याचा असावा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत क्लॉड बॅटली यांनीं विद्यार्थ्यांकडून जुन्या इमारती मोजवून घेतल्या. १९३४ सालीं प्रसिद्ध झालेलें त्यांचें भारतीय वास्तुकलेवरील पुस्तक अशा मोजून काढलेल्या नकाशांवरच उभें आहे. पण त्यांतील विषय मंदिरें व मशिदींसारख्या थोर वास्तूंचे. आम्हांस तोच पाठ दोन खोल्यांच्या घरास लावावासा वाटतो. लागणारें साहित्य म्हणजे एक फीत, एक वही, आणि फितीचें दुसरें टोंक धरावयास घरांतलें एक माणूस.

पहिल्याच खोलींत एक गंमत होते. चारी भिंती मोजल्या, आंकडे मांडले, आणि कागदावर काढावयास बसलें तर खोली निश्चित होत नाहीं. चार काठ्या टोंकांस बांधून केलेला चौकोन जसा दाबला कीं कलतो, तशी ती कागदावर कलते. चार बाजूंनीं चौकोन ठरत नाहीं. कर्ण मोजावा लागतो. कर्ण मोजला कीं कळतें कीं ज्या खोलीस आपण जन्मभर चौरस समजत आलों ती एका कोपऱ्यांत तीन इंच बाहेर गेली आहे. मिस्त्रीनें कोपरा गुण्यांत घेतला नाहीं. म्हणूनच त्या कोपऱ्यांत कपाट कधीं नीट बसलें नाहीं आणि मागें झुरळें झालीं! दुसरी गोष्ट : भिंतीवरील दार, खिडकी, कोनाडा यांचीं मापें तुकड्यातुकड्यानें घेऊं नयेत. प्रत्येक तुकड्यांत पाव इंचाची चूक झाली तर आठ तुकड्यांत दोन इंच होतात. फितीचें शून्य कोपऱ्यांत ठेवून पुढचे सर्व आंकडे त्याच शून्यापासून वाचावे. आणि अखेरीस सर्व खोल्यांचीं आंतील मापें व मधल्या भिंतींच्या जाड्या यांची बेरीज बाहेरच्या मापाशीं ताडून पाहावी. ती सहसा पहिल्या वेळीं जुळत नाहीं. जो फरक राहतो तो बहुधा भिंतींचा असतो, कारण भिंतीलाहि जागा लागते हें दारांतून फीत घालून जाडी मोजीपर्यंत कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

या मोजणींत मुलाच्या अंगीं जें मुरतें तें पडद्यावर मुरत नाहीं. तीन फुटांचें दार म्हणजे काय, हें त्यानें ट्रंक घेऊन त्यांतून जातांना पाहिलेलें असतें. प्रमाणाचा जो तोटा आम्हीं वर सांगितला, त्यावर आमच्या माहितींत हाच एक उपाय आहे. शिवाय मोजणारा पोरगा खोल्याखोल्यांतून फिरतो तेव्हां घरांतलीं माणसें आपण होऊन बोलूं लागतात : ही खिडकी उघडत नाहीं, येथें पाऊस येतो, रात्रीं दिवा लावायला या टोंकाला जावें लागतें. कोणतेंहि कोष्टक हें सांगणार नाहीं.

दुसरा पाठ जिन्याचा. घराचा नकाशा काढणाराची परीक्षा जिन्यावर घ्यावी. मजल्याची उंची दहा फूट, म्हणजे एकशें वीस इंच. सात इंचांची पायरी सुखाची म्हणतात. पण एकशें वीसला सातानें भाग जात नाहीं, आणि शेवटची पायरी एक इंचाची ठेवतां येत नाहीं, कारण चढतांना पाय मोजीत नसतो, सवयीनें पडत असतो, आणि एका पायरींत अर्ध्या इंचाचा फरक असला तरी माणूस ठेंचाळतो. म्हणून अठरा चढ घ्यावे. प्रत्येक पावणेसात इंचांहून किंचित् कमी होतो. फ्रान्सच्या ब्लाँडेलनें १६७५ सालच्या ग्रंथांत नियम दिला आहे कीं चढाची दुप्पट अधिक पावटी मिळून चोवीस इंच व्हावे, म्हणजे माणसाच्या एका पावलाइतकें. त्याचा इंच आपल्या इंचाहून थोडा मोठा, म्हणून आजचे लोक चोवीस ते पंचवीस धरतात. त्या हिशेबानें पावटी साडेदहा-अकरा इंच. मधें चौक ठेवून नऊ-नऊ चढांचे दोन हात केले, तर प्रत्येक हातांत पावट्या किती? नवशिका नऊ म्हणतो. त्या आठ असतात. नववा चढ चौकावरच चढवितो. ही एक पावटी ज्याच्या नकाशांत चुकली त्याचा जिना प्रत्यक्षांत भिंतीवर आदळतो, किंवा एक फूट जागा फुकट जाते.

आणि एवढें सर्व तळनकाशांत बरोबर आलें तरी डोकें आपटावयाचें तें आपटतेंच. वरच्या मजल्याची तुळई चढणाऱ्या माणसाच्या कपाळाशीं कोठें येते, हें फक्त उभ्या छेदांत दिसतें. जुन्या वाड्यांत भिंतीच्या जाडींतून वर गेलेल्या जिन्यानें वांकून चढण्याची सवय आपल्यास होती. तेथें ती संरक्षणाची युक्ति मानतां आली. आज ती युक्ति कोणाच्या विरुद्ध, हें नकाशा काढणारानें सांगावें. आमचा अनुभव असा कीं विद्यार्थी तळनकाशानें आरंभ करतो, दर्शनी नकाशावर जीव ओततो, आणि छेद शेवटच्या रात्रीं उरकतो. तिन्ही पुस्तकांत हा क्रम बदलण्याचा आग्रह कोणी धरीत नाहीं. आम्ही शिक्षक असतों तर पहिले सहा महिने दर्शनी नकाशा काढावयास बंदी केली असती.

येथवर काढणाराचें झालें. परंतु आज महाराष्ट्रांतील शहरांत राहणाऱ्या बहुतेक कुटुंबांवर घर बांधण्याची वेळ येत नाहीं. तयार फ्लॅट घेण्याची येते. त्यांच्या हातीं गुळगुळीत कागदावरचा रंगीत नकाशा दिला जातो. त्यांत पलंग असतो, त्यावर दोन उशा असतात, आणि कुंडींत झाड असतें. झाडाकडे पाहूं नये, पलंग मोजावा. निजण्याची खोली दहा फूट रुंद आणि अकरा फूट लांब आहे असें समजा. दोघांचा पलंग सहा फूट रुंद व साडेसहा फूट लांब. रुंदींत दोहों बाजूंस दोन-दोन फूट उरले, ठीक. लांबींत अकरांतून साडेसहा गेले, साडेचार उरले. समोर दोन फूट खोलीचें कपाट ठेवलें कीं राहिले अडीच फूट. त्या अडीच फुटांत कपाटाचें दार दीड-दोन फूट उघडणार, माणूस उभें राहणार, आणि खोलीचें दार त्याच बाजूस असेल तर त्याचा अडीच फुटांचा फेरा तेथेंच फिरणार. कागदावर मात्र ऐसपैस दिसतें. असें दिसत असलें तर पट्टी घेऊन पलंग मोजावा; पुष्कळदां तो पांच फुटांचा निघतो. पलंग लहान काढला कीं खोली मोठी होते, आणि यांत लिहिलेला एकहि आंकडा खोटा नसतो.

२०१६ च्या कायद्यानें चटई क्षेत्राची व्याख्या निश्चित केली, हें ग्राहकांवर मोठे उपकार आहेत. बाहेरच्या भिंती, नळांचीं भुयारें, खाजगी बाल्कनी व उघडी गच्ची त्यांतून वगळलीं. आंतील आडभिंती मात्र त्यांत धरल्या आहेत. म्हणजे विकत घेतलेल्या चटईंतील कांहीं भागावर चटई अंथरतां येत नाहीं, त्यावर भिंत उभी असते. हें ज्याला ठाऊक आहे तो चौरस फुटांच्या एका आंकड्यावर समाधान न मानतां प्रत्येक खोलीचें आंतील माप मागतो, आणि गुणाकार स्वतः करतो. परंतु कायदा क्षेत्रफळ मोजील. दोन दारें एकमेकांवर आपटतात कीं नाहीं हें कायदा मोजणार नाहीं. बाळंतीण कोठें निजेल, म्हाताऱ्या आजोबांस रात्रीं न्हाणीघराकडे जातांना किती वळणें घ्यावीं लागतील, शाळेंत जाणारी मुलगी कोठें बसून अभ्यास करील, हें नकाशांत लिहिलेलें असतें. तें विचारणारा वाचक सही करणारांत असला पाहिजे. सही बहुधा घरांतील ज्या दोघातिघांची असते त्यांपैकीं दिवसाचे अठरा तास त्या घरांत कोणीच राहणार नसतें, ही गोष्ट आम्हांस नकाशाच्या कोणत्याहि चुकीहून अधिक गंभीर वाटते.

मराठींत या विषयावर चांगलें पुस्तक व्हावें अशी आमची इच्छा आहे, आणि शब्दांची अडचण पुढें करून कोणीं तें टाळूं नये. जोतें, ओळंबा, पाणसळ, गुण्या, पडवी, सोपा, परस, फडताळ, पोटमाळा हे शब्द गवंड्याच्या आणि गृहिणीच्या तोंडीं आहेतच. प्लॅन, सेक्शन आणि एलिव्हेशन हेहि आतां प्रत्येक मिस्त्री बोलतो. संस्कृत कोशांतून नवे शब्द पाडण्याचा उद्योग तेवढा करूं नये. असें पुस्तक होईपर्यंत, घरांत या वयाचा मुलगा अगर मुलगी असेल तर चिंगचें पुस्तक आणून द्यावें. देशपांडे ग्रंथालयांत मिळाले तर नकाशे सोडून त्यांचा मजकूर वाचावा. नॉयफर्ट कचेरींत शोभतो, तेथेंच असूं द्यावा. चिंगच्या बरोबर पन्नास फुटांची एक फीत घ्यावी. कापडी घेऊं नये. ती ओढली कीं ताणते आणि खोल्या कमी भरतात.